मुकं वाचन

टकळीचा स्कॅन मी वाचायलाच नको होता. घरच्या माणसाचा मेंदू घरच्यांनी वाचायचा नाही, असा आमच्या विभागाचा नियम आहे आणि तो इतरांना मीच सुनावत असते. पण दोन रुग्णालयांतून 'मेंदू नॉर्मल' असा शेरा घेऊन आलेली पोर आठवड्यातून तीन-चारदा फिट येऊन पडत असेल, तिसरं औषधही फसलं असेल आणि ती पोर आपल्या सख्ख्या भावाची असेल, तर नियमाला कोण विचारतो? मी तरी नाही विचारलं.

टकळी हे तिचं खरं नाव नव्हे. खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडाची जी टकळी सुरू झाली ती बाराव्या वर्षीही थांबलेली नाही. झोपेतसुद्धा बोलते. 'आत्यावर गेलीय,' असं वहिनी म्हणते आणि ते कौतुक नसतं. फिट आली की मात्र ती बोलता बोलता मधल्याच शब्दावर अडते, उजवा हात ताठ होतो आणि मग उभीच्या उभी कोसळते.

मेंदूला बाहेरून एक राखाडी साल असते. मूल पोटात असताना ती थराथराने बसत जाते. कधी एखाद्या घडीत हे थर नीट बसत नाहीत. भिंतीला गिलावा करताना एकाच कोपऱ्यात माल कच्चा राहावा तसं. बाकी भिंत ठणठणीत असते, पण तेवढ्या कोपऱ्यातल्या पेशी मधूनच एकदम कालवा करतात, बाकीचा मेंदू त्यांच्यामागे फरफटत जातो आणि माणूस पडतो. तो कोपरा सापडला तर कापून काढता येतो, फिट कायमची थांबू शकते. नाही सापडला तर कापणार काय? आमच्या सर्जनबाईंचं वाक्य ठरलेलं आहे, "आधी जागा दाखवा, मग माझ्याशी बोला."

आणि ती जागा म्हणजे काय, तर वाटाण्याएवढा डाग. डाग तरी कसला, राखाडी आणि पांढऱ्याची सीमा जिथे स्वच्छ दिसायला हवी तिथे ती जरा पुसट. मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात त्या ईईजीवर एवढंच कळत होतं की गडबड डाव्या बाजूला, पुढच्या भागात कुठेतरी आहे. हे म्हणजे पत्ता म्हणून नुसतं शहराचं नाव सांगण्यासारखं झालं. आमच्या नव्या यंत्रावर तिचा एमआरआय पुन्हा करून घेतला आणि मी डोळ्यांत तेल घालून बसले. जेवणाच्या सुट्ट्या बुडवल्या, विद्यार्थ्यांवर डाफरले, चहा निवत ठेवला. आणि एका दुपारी मला ते सापडलं. डावीकडे, अगदी पुढे, कपाळामागे. साल तिथे जाड दिसत होती आणि सीमा पुसट.

जागा तर अशी की मी खुर्चीतच टाळी वाजवली. तिथला अक्रोडाएवढा तुकडा काढला तरी माणसाचं फारसं काही बिघडत नाही. हात चालतो, जीभ चालते.

मी लगेच दादाला फोन लावला. दादा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. फोन उचलला तेव्हाही तो कुणाच्या तरी शेजारी बसून ब्रेक दाबत होता. "सापडलं दादा," मी म्हटलं. "आणि सोप्या जागी आहे." त्याने गाडी कडेला घ्यायला लावली, तेवढं मला ऐकू आलं. मग त्याने मोठ्यांदा नाक शिंकरलं. वहिनीने संध्याकाळी फोन करून 'देवासारखी धावून आलात' म्हटलं. एरवी ती मला देवाच्या आसपासही फिरकू देत नाही.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसरं वाचन अजून व्हायचंच होतं.

फिटच्या रुग्णांसाठी आमच्याकडे एक रीत आहे. आम्ही तिला मुकं वाचन म्हणतो. कसंय, की डोळ्यासारखा भोळा अवयव नाही. एकाने 'इथे काहीतरी वाटतंय' म्हटलं की दुसऱ्यालाही तिथे काहीतरी वाटायला लागतं. म्हणून रुग्णाचा स्कॅन नाव पुसून चार निरोगी माणसांच्या स्कॅनमध्ये मिसळायचा. दुसऱ्या वाचणाऱ्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही. पहिल्याने मागे बसायचं, म्हणजे नंतर लगेच चर्चा करता येते, पण तोवर बोलायचं नाही, खाकरायचं नाही, हुंकार द्यायचा नाही. मागची खुर्ची करकरली म्हणून रद्द झालेलं वाचन मी स्वतः पाहिलेलं आहे. दोघांची खूण एकाच जागी पडली तरच ती जागा सर्जनबाईंकडे जाते.

दुसरे वाचक होते भिंग सर. त्यांनीच मला हे काम शिकवलं. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याला इतकं नाक लावतात की हे नाव त्यांना पडणारच होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे.

मी त्यांच्या मागे बसले. पहिला स्कॅन त्यांनी वरून खाली, खालून वर, आडवा, उभा असा चारही बाजूंनी पाहिला आणि 'पुढचा' म्हणाले. पुढचा आमचा होता. नाव पुसलेलं असलं तरी बाजूने घेतलेल्या कापात नाक दिसतंच. ते आमच्या घराण्याचं आहे, त्याला लपायला जागा नाही.

ते माझ्या जागेपाशी आले आणि थांबले.

मी श्वास रोखला. हं, तिथेच. तिथेच सर. त्यांनी चित्र थोडं पुढे नेलं, मागे आणलं. मग चित्राचा कोन बदलला. "तिरका काप," ते स्वतःशीच पुटपुटले आणि पुढे निघून गेले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकडी तिरकी कापली की चकती मोठी दिसते, काकडी काही जाड झालेली नसते. मेंदूची साल वळणावर तिरकी कापली गेली की तीही अशीच जाड आणि पुसट दिसते. कोन सरळ केला की जाडी गायब. सरांनी कोन सरळ केला होता आणि माझा सापडलेला डाग माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता. ही चूक करू नका म्हणून मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात दम भरते. आणि इतके दिवस कोन बदलून बघावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं कसं, मला ते बघायचंच नव्हतं.

ते पुन्हा त्याच जागेवरून गेले, न थांबता. मला ओरडावंसं वाटत होतं. नीट बघा, म्हातारे झालात तुम्ही. मी ओठ चावून गप्प बसले.

मग ते डाव्या बाजूलाच, पण मागे आणि खाली उतरले. कानाच्या पुढच्या बाजूला, वर, एक खोल घडी आहे. तिथे त्यांचा हात मंदावला. नाक पडद्याला टेकलं. एक काप मागे, एक पुढे. घडीच्या अगदी तळाशी राखाडी रंग पांढऱ्यात सांडल्यासारखा झाला होता आणि तिथून एक बारीक शेपूट आत, मेंदूच्या पोकळीच्या दिशेने गेलं होतं. सरांनी खूण केली. कोन बदलला, डाग तिथेच. पुन्हा बदलला, तरी तिथेच.

हातच्या कांकणाला आरसा कशाला. आता मलाही दुसरं काही दिसेना. ती घडी मी शंभरदा ओलांडली होती आणि दर वेळी जरा घाईने. कारण त्या घडीच्या आसपास माणसाचं बोलणं राहतं. टकळीचे फिटमध्ये आधी शब्द जातात, हे दादाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. 'फिट तिथवर पसरत असेल,' असं मी ठरवून टाकलं होतं. मी फिट कुठून येते ते शोधतच नव्हते. मी कापायला सोपी जागा शोधत होते.

उरलेले तीन स्कॅनही पाहून झाले. "बोल आता," सर खुर्ची वळवून म्हणाले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा खाली आला. "कोण आहे तुझं?"

"भाची."

"आणि पहिलं वाचन तू केलंस?"

मी मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "घरी सांगून मोकळी झाली असशील." मी पुन्हा मान हलवली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आजच जा. उद्यावर टाकलंस तर आणखी जड जाईल."

माझी खूण बाद झाली, त्याच दुपारी आणखी एकाने मुकं वाचन केलं, त्याची खूण सरांच्याच जागी पडली आणि सर्जनबाईंशी बोलून मगच मी निघाले. दादाच्या घरी पोचले तर वहिनी हसून दार उघडायला आली. तेच मला सहन झालं नाही. मी पाणीही न घेता सांगून टाकलं. मी चुकले, डाग पुढे नाही. डाग आहे, खरा आहे, पण बोलण्याच्या जागेला खेटून आहे.

वहिनी आहे तिथेच खाली बसली. दादाचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला होता, शेजारी कुणी भलतीकडे गाडी घालत असल्यासारखा.

"तू तर सोपं आहे म्हणालीस."

"चुकले म्हटलं ना."

"नाही, तू पाहिलं होतंस. एवढी वर्षं हेच करतेस तू." त्याचा आवाज एकदम विनवणीचा झाला. "असं कर. तो पुढचाच तुकडा काढायला सांग. तिथे धोका नाही ना? मग तोच काढू. करून तर बघू."

"दादा, तिथे काही नाहीये."

"असेल. थोडंसं असेल."

माझा हा भाऊ मूर्ख नाही. पण लेकरासाठी माणूस चुकीच्या जागी सुरी चालवायलाही तयार होतो, नुसती ती जागा सोपी आहे म्हणून. मला त्याचा राग आला, कारण मी नेमकं तेच केलं होतं. मी ओरडलेच. "चांगला मेंदू कापायचा का तिचा? तुझ्या समाधानासाठी?"

"हळू बोला," वहिनी म्हणाली. "ती आत आहे."

"मला सगळं ऐकू आलंय," दारातून टकळी म्हणाली. "केवढंसं घर आहे आपलं." कपाळावर मागच्या फिटची खोक अजून होती. ती येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. "नाही कापलं तर काय होईल?"

लहान मुलांशी खोटं बोलणं मला जमत नाही, मोठ्यांशी मात्र जमतं असं नुकतंच कळलं होतं. "फिट येत राहतील. औषधांनी थांबायची आशा आता फार थोडी आहे."

"आणि कापलं तर मुकी होईन?"

"होशील असं नाही. अडखळशील कदाचित. कदाचित काहीच होणार नाही. सर्जनबाई म्हणतात, बोलण्याची जागा नेमकी कुठे आहे ते आधी स्कॅनवर बघू. अगदी जवळ असली तर तुला जागी ठेवून कापतील. मेंदूला दुखत नाही. तू बोलत राहायचंस. बोलणं अडलं की त्या थांबतील."

"जागी ठेवून?" वहिनी अर्धवट उठली.

टकळी विचार करत होती. हे दृश्य दुर्मीळ असल्यामुळे आम्ही सगळे ते बघत राहिलो. मग ती म्हणाली, "मला अंघोळीला आतून कडी लावायचीय."

बारा वर्षांची मुलगी. आत पडली तर काढता यावी म्हणून न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं आणि बाहेर स्टुलावर आई. हे मला माहीत होतं, पण तिला त्याचं काय वाटतं हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. वहिनीने पदरात तोंड लपवलं.

"पण समोर आत्या बसणार असेल तरच," टकळी म्हणाली. "अनोळखी माणसाशी मी किती वेळ बोलणार?"

अनोळखी माणसांशी ती तासन्‌तास बोलते.

पुढच्या आठवड्यात शब्दांचा स्कॅन झाला. यंत्रात पडून, ओठ न हलवता, मनातल्या मनात शब्द आठवायचे. तिच्यासारखीला ही शिक्षाच, पण तिने ती भोगली. वाचन अर्थातच भिंग सरांनी केलं. पडद्यावर बोलण्याच्या जागेचा लाल ठिपका उमटला तो घडीच्या पुढच्या काठावर, डागाला खेटून. मध्ये काड्यापेटीतल्या काडीच्या जाडीएवढी जागा असेल नसेल.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्जनबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही बसणार हे मला पसंत नाही, पण मुलगी ऐकत नाही. म्हणून एक नीट लक्षात घ्या. पडद्यापलीकडून मला तिचा चेहरा दिसणार नाही. शब्द अडला की 'थांबा' म्हणायचं. उशीर केलात तर बोलणं जाईल. आणि घाबरून लवकर म्हणालात तर डागाचा तुकडा आत राहील, फिट परत येतील, आणि एवढं सगळं केलेलं फुकट. कळलं?"

कळलं होतं. एकदा मला हवं ते दिसलं होतं. आता मला भीती वाटेल ते ऐकू येऊन चालणार नव्हतं.

निळ्या कापडाच्या तंबूत तिचा चेहरा आणि माझा चेहरा, मध्ये हातभर अंतर. कापडापलीकडे बाई, डाग काढायच्या यंत्राचा घुंई आवाज. माझ्या हातात चित्रांची कार्डं. भूल उतरत गेली तशी ती आधी पुटपुटली, मग कुरकुरली आणि मग टकळी सुरू झाली. मी कार्ड धरायचं, तिने नाव सांगायचं. खुर्ची. बादली. छत्री. मध्येच तिला कार्डांचा कंटाळा आला आणि तिने बापाकडे गाडी शिकायला येणाऱ्या एका आजोबांची गोष्ट काढली. "ते ना, वळायचं असलं की काच पुसायचा दांडाच सुरू करतात. बाहेर कडक ऊन. बाबा म्हणाले, आजोबा, ब्रेक. तर आजोबांनी काय केलं, पाय वर घेतला आणि म्हणाले..."

ती थांबली.

'थांबा' माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. दुधाने पोळलेलं तोंड होतं माझं, ताकही फुंकायला निघालं होतं. पलीकडे यंत्र चालूच होतं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि ओठाचा कोपरा किंचित वर गेला होता. ही पोर गोष्ट सांगताना नेमक्या जागी अशीच थांबते. समोरच्याला ताटकळत ठेवायला तिला आवडतं. की तो कोपरा फिटने ओढला जात होता? मी दात आवळून एक श्वास जाऊ दिला.

"...म्हणाले, गाडीला माझं ऐकूच येत नाही!"

ती स्वतःच हसली. पलीकडे कुणीतरी फसकन हसलं. "हसवू नका तिला," बाई म्हणाल्या. "तळाशी पोचलेय मी. शेवटचं थोडं राहिलंय. कार्डं घ्या."

घड्याळ. किल्ली. दिवा. मी पुढचं कार्ड धरलं.

"ही..." ती म्हणाली. "ही ती..."

ओठाचा कोपरा स्थिर होता. डोळे मात्र कार्डावरून माझ्याकडे आले आणि त्यांत भीती होती, अगदी लख्ख.

"थांबा!"

"थांबले." यंत्राचा आवाज बंद झाला. "हात बाजूला आहे. शेपूट निघालंय. दिसत होतं ते सगळं निघालंय. यापुढे मी जाणार नाही. ती बोलतेय का?"

ती बोलत नव्हती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. चादरीवर तिच्या हाताची दोन बोटं जवळ येत होती, लांब जात होती. म्हणजे वस्तू तिला ओळखू येत होती, शब्द येत नव्हता. मला तो सांगायची परवानगी नव्हती. मी सांगितला असता तर तिला आपोआप आला की नाही ते कधीच कळलं नसतं. जगातला सगळ्यात साधा शब्द माझ्या तोंडात होता आणि तो मला गिळून बसायचं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. दादाला काय सांगू, वहिनीला तोंड कसं दाखवू, ही आता आयुष्यभर अशीच बोटं हलवत राहिली तर, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी कार्ड धरून राहिले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. मी कार्ड तिच्या आणखी जवळ नेलं.

तिच्या कपाळावर आठी पडली. ओठ गोल झाले, पुन्हा सैल पडले. "का," ती म्हणाली. "का... कात्री."

मग माझ्यावर डोळे वटारून, अगदी स्वच्छ, वहिनीच्या ठसक्यात, "कधीची नुसती बघतेयस. मदत करता येत नव्हती का गं?"

मी रडले. कार्ड तसंच धरून, त्या एवढ्याशा तंबूत, डॉक्टरला न शोभेल अशी हमसून रडले, आणि टकळी मला पुढचं कार्ड दाखव म्हणत राहिली.